अठरावा फर्मा

बाइंडिंगच्या त्या लांबट खोलीत पुस्तकांना तोटा नव्हता, पण कुणी वाचत बसावं असं त्यांत क्वचितच काही असे. परीक्षेची गाइडं, संस्थांचे अहवाल, वजन कमी करण्याचे उपाय. घड्या घालताना डोळे कागदावर असायचे आणि डोकं घरच्या गॅसवर. त्यामुळे ती गाजलेली कादंबरी सातव्यांदा छपाईला आली, तेव्हा टेबलाभोवती जरा जान आली. नवरा मारतो म्हणून बहिणीकडे निघून आलेली बाई आणि तिच्या मागे पत्रं लिहीत बसलेला नवरा, अशी ती गोष्ट. जिनं वाचली ती तिच्याबद्दल भांडल्याशिवाय राहत नाही, असं म्हणतात.

मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं छापून येतात. त्याची घडी घातली की होतो तो फर्मा. असे अठरा फर्मे एकावर एक शिवले की ती कादंबरी. छापताना शाई पसरून काही कागद खराब निघतात आणि रद्दीत जातात. त्या रद्दीतून मावशी एकेक फर्मा निवडून ठेवायची. अठरा जमले की खोलीचं स्वतःचं पुस्तक तयार, ना कव्हर ना शिवण. रोज एक फर्मा एप्रनच्या खिशातून घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याच्या हातात पडायचा. दुकानात तेच पुस्तक मिळत होतं, पण आपल्याच हातून गेलेलं पुस्तक विकत घ्यावं हे या खोलीत कुणाच्या डोक्यातही येत नसे.

वाचणारी माणसं चार. पहिला मान शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या बाईचा, कारण तिला थांबायला सांगायची कुणाची छाती नव्हती. मग कटिंग मशीनवरचे काका. मग मावशी, म्हणजे घड्यांच्या टेबलाची मुख्य. सख्खी कुणाचीच नव्हती, पण तीस वर्षं त्याच स्टुलावर बसून ती सगळ्यांचीच झाली होती. आणि शेवटी नवी. नवीला येऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर मालकाने माणूसच घेतलं नाही, म्हणून ती नवीच राहिली.

नियमही होते, आणि मावशीनेच घालून दिले होते. शेवटच्या वाचणाऱ्याचं होईपर्यंत गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. वाचून झालं की शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने खूण करायची. शेवट पटला तर बरोबर, नाही पटला तर फुली. आणि मधलाच एखादा फर्मा गहाळ झाला, तर ज्याने तो वाचलाय त्याने पुढच्याला तोंडी सांगायचा, जसाच्या तसा, पदरचं काही न घालता. आपलं मत नंतर, सगळ्यांच्या बरोबरीने, चहा पिताना.

नवी ती कादंबरी वाचत नव्हती, पीत होती. आणि त्याला कारण होतं. तीही तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली होती. भाऊ काही बोलत नव्हता. वहिनी बोलत नव्हती, पण ताट वाढताना बोलल्यासारखं वाढत होती. नवरा दर शनिवारी सुटीच्या वेळी बाइंडिंगच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. हात जोडायचा. दारू सोडली म्हणायचा, चिठ्ठ्या द्यायचा. त्या चिठ्ठ्या आणि कादंबरीतली पत्रं नवी शेजारी शेजारी ठेवून बघायची.

"मावशी, अगदी हेच लिहिलंय हो त्यानं," ती म्हणायची. "शब्द तेवढे वेगळे."

"नियम काय आहे? गोष्टीबद्दल बोलायचं नाही."

"गोष्टीबद्दल कुठं, मी माझ्याबद्दल बोलतेय." मग घडीवर पट्टी दाबत हसायची. "शेवट वाचला की ठरवते. ती परत गेली तर मीही गेले."

ती हसून बोलली म्हणून बाकीचे हसले. मावशी हसली नाही. तिला कळलं होतं की पोरीने हे हसण्यावारी नेलं असलं तरी मनात पक्कं केलंय.

अठरावा फर्मा मावशीच्या हाती आला तो गुरुवारी. घरी एकटीच होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटी शेवटी फार सुधारले हो, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. शेवटची दहा वर्षं त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता, कारण लकव्याने तो हात उचलतच नव्हता. लग्नानंतर चौथ्या वर्षी मावशीही एकदा माहेरी निघून गेली होती आणि चाळीस दिवसांनी परत आली होती. त्या परत येण्यावर तिचा सगळा संसार उभा होता. बरं केलंस, असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, आणि तिनेही मग स्वतःला तेच म्हणत आयुष्य काढलं.

कादंबरीतली बाई परत जात नव्हती. शेवटच्या पानावर ती आपल्या जुन्या घराच्या कोपऱ्यापर्यंत येते. स्वयंपाकघरात दिवा असतो, नवरा खिडकीशी वाट बघत असतो. ती बराच वेळ उभी राहते, आणि मग वळून चालू लागते. कुठे जाते, काय खाते, लेखकाने काही सांगितलेलं नव्हतं. पानाखाली शिलाईवालीची ठसठशीत बरोबरची खूण होती. काकांनी नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या माणसाला चहात साखर हवी का हेही धड सांगता येत नसे.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणाऱ्याचं काय जातं, असं तिच्या मनात आलं. बाईला रस्त्यात उभी करून हा आपला पेनाला टोपण लावून मोकळा. तिने फुली मारली ती इतकी दाबून, की मागच्या बाजूला वळ उठला. आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते तिला त्या दिवशी बघायचं नव्हतं. ही बाई बरोबर असेल, तर आपण काय होतो?

दुसऱ्या दिवशी नवी दारातच हात पुढे करून उभी. "आणलात?"

"अगं, घात झाला," मावशी म्हणाली. "सकाळी आल्या आल्या खळीचं भांडं कलंडलं त्याच्यावर. पार लगदा झाला."

खळ म्हणजे पुस्तकं चिकटवायची मैद्याची लापशी. तीस वर्षांत मावशीच्या हातून तिचा थेंब सांडला नव्हता. पण नवीला संशय घ्यायचं सुचलंही नाही. ती स्टूल ओढून समोर बसली. "मग तोंडी सांगा."

शिलाईवाली पलीकडच्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात होती. काका चार हातांवर सुरी पुसत होते. मावशीने सांगायला सुरुवात केली, आणि कोपऱ्यापर्यंत, दिव्यापर्यंत, खिडकीपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिथून पुढे तिने बाईला वळू दिलं नाही.

"मग ती पायऱ्या चढते. दार वाजवायच्या आधीच तो उघडतो. काही बोलत नाही. पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतो."

"आणि?"

"आणि काय? संपलं. पिशवी घेतो, ती आत जाते."

काकांचा हात सुरीवर थांबला. त्यांनी मान वर करून मावशीकडे पाहिलं, मग पुन्हा खाली घातली आणि पुसलेलीच सुरी परत पुसू लागले.

"पिशवी घेतो," नवी स्वतःशीच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "किती साधं लिहिलंय ना, मावशी?"

शनिवारी ती फाटकाशी नवऱ्याबरोबर बोलत उभी राहिली. रविवारी भावाचं घर सोडून त्याच्याकडे गेली. सोमवारी आली ती नवी साडी नेसून, आणि पुढचे आठ-दहा दिवस खुशीत होती. चहाला पुस्तकाचा विषय निघाला की मावशी काहीतरी घाईचं काम काढून तो पुढे ढकलायची. तिला आपला निर्णय योग्यच होता असं वाटू लागलं. अठरावा फर्मा तिने खळीच्या डब्यामागे, जुन्या पुठ्ठ्यांखाली सरकवून ठेवला होता. टाकून द्यायला हात धजावत नव्हता. फर्मा फाडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

मग एका बुधवारी नवी आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी तिचा भाऊ येऊन मालकाशी बोलून गेला आणि मालकाने टेबलाशी येऊन सांगितलं. भांडणात ती घराबाहेर पळत होती. नवऱ्याने दार लोटलं. तिचा उजवा हात चौकटीत होता, आणि त्याने दार लोटून धरलं. चार बोटं तुटली. डॉक्टरांनी दोन जोडली होती, पण ती वळतील असं काही ते म्हणत नव्हते.

पहिली बोलली ती शिलाईवाली, आणि तिचा आवाज चिरका झाला होता. "पण गेलीच कशी ती परत? शेवट वाचला होता ना तिनं? इतकं स्वच्छ लिहिलंय, ती वळते आणि निघून जाते. वाचून बाई गेलीच कशी?"

मावशीने मान वर न करता पुढचा कागद घडीला घेतला. दुपारी काका पाणी प्यायच्या निमित्ताने तिच्याजवळ आले. "मला वाटलं, तुम्ही तिच्या बऱ्यासाठीच..." एवढंच बोलून ते थांबले. त्यांचं वाक्यही प्रश्नचिन्हासारखंच अर्धं राहिलं. मावशीला त्यांची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. ती कशीही गेलीच असती, असं तिने मनाला पुष्कळ बजावलं. मन ऐकेना.

दोन महिन्यांनी नवी आली. कामावर नव्हे, हिशेब झालेला होता, टेबलाच्या खणातल्या तिच्या वस्तू राहिल्या होत्या. एप्रन, डबा, घडी दाबायची पट्टी. शिलाईवालीने तिला पोटाशी धरलं आणि डोळे पुसत मशीनवर गेली. काका कुठेतरी नाहीसे झाले. टेबलाशी दोघीच उरल्या.

उजवा हात तिने पदराखाली धरला होता. "भावाकडेच आहे," ती म्हणाली. "वहिनी आता नीट वाढते. पोलिसांत दिलंय." मग जरा थांबून, कुणाची बाजू मांडावी तसं म्हणाली, "पिशवी मात्र घेतली हो त्यानं, मावशी. मी पायऱ्या चढले, आणि त्यानं दार उघडून पिशवी घेतली. मला वाटलं, झालं, आता सगळं पुस्तकासारखंच होणार."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. फर्मा लगदा झाला होता, हे नवीने मानलेलं होतं, आणि काका जन्मात बोलले नसते. मावशीच्या हे सगळं लक्षात आलं. तरी ती उठली, खळीच्या डब्यामागचे पुठ्ठे तिने बाजूला केले आणि अठरावा फर्मा आणून नवीसमोर ठेवला. त्यावर खळीचा डाग नव्हता. त्याच्या कडाही दुमडलेल्या नव्हत्या.

डाव्या हाताने नवीने फर्मा जवळ ओढला. डाव्या हाताने धरला की पानं उलटायला हात उरत नव्हता. मावशी शेजारी बसली आणि पानं उलटू लागली. नवी मान हलवी, मावशी पान उलटे. सोळा पानं अशीच गेली. शेवटच्या पानावर नवी फार वेळ थांबली. एकदा वाचलं, परत वरून वाचलं. मग तिची नजर खाली खुणांवर गेली.

"ही फुली तुमची."

"हो."

"म्हणजे तुम्ही वाचून, खूण करून, मग मला सांगितलंत."

"हो. मला पटला नाही शेवट. राग आला मला त्या बाईचा." मावशी म्हणाली. "चुकलं माझं. तुझं वाटोळं केलं मी."

नवी रडली नाही, चिडलीही नाही. घडी नीट बसलीय का बघावं तशी ती त्या पानाकडे बघत राहिली.

"पिशवी कुठून आणलीत मग? ती इथं कुठंच नाही."

"माझी होती," मावशी म्हणाली. "चाळीस दिवसांनी मी परत गेले, तेव्हा यांनी दार उघडून माझ्या हातातली पिशवी घेतली होती. निळी होती, कापडी."

"आणि मग?"

मावशी फर्म्याच्या कडा सारख्या करू लागली.

"मी तेव्हाही विचारलं होतं. 'आणि?' असं म्हणाले होते मी. तुम्ही म्हणालात, संपलं. पिशवी घेतल्यावर पुढं काय झालं होतं, मावशी?"

त्या खोलीत तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि मावशीने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिने सांगितलं, जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. आठव्या दिवशी काय झालं ते. पोटातलं मूल कसं गेलं ते. डाव्या कानाने ऐकू का येत नाही ते. पुढची वर्षं, एकामागून एक, लकव्यापर्यंत. आतल्या मशीनचा खडखडाट चालूच होता. नवीने मधे एकदाही तिला थांबवलं नाही.

"हे त्या दिवशी सांगायचं होतंत," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक वाचायचं राहिलं असतं तरी चाललं असतं."

तिने खूण केली नाही. पेन्सिल समोरच होती. एप्रन, डबा आणि पट्टी तिने डाव्या हाताने एकेक करून पिशवीत भरली आणि उभी राहिली. बाहेरचा जिना अरुंद, कठड्याला धरल्याशिवाय उतरता न येणारा. मावशी लगबगीने पुढे झाली आणि तिने पिशवीसाठी हात पुढे केला.

नवी एक पाऊल मागे सरली. "राहू दे, मावशी," ती म्हणाली. "पिशवी माझ्याकडेच असू दे."

पिशवीचा बंद तिने कोपरात अडकवला आणि डाव्या हाताने कठडा धरून, एकेक पायरी बघत, ती खाली उतरली.