श्वासाभोवतीचं पाणी

पाठीत, दोन बरगड्यांमध्ये सुई घालून डॉक्टर फुप्फुसाभोवतीचं पाणी काढत होत्या, तेव्हा शारदाबाई उशीवर डोकं टेकून बसल्या होत्या. फिक्या चहाच्या रंगाचं ते पाणी बाटलीत चढत गेलं, तशा त्या हलक्या होत गेल्या. कोलकात्याच्या बेहाला भागातलं आपलं घर नदीवर सोडलंय आणि ते संथपणे वाहत निघालंय, असं त्यांना वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी छातीभर श्वास घेतला.

आठ दिवसांनी तपासणीचा निकाल आला. फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग.

"हा बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. "आपण कुठं नोकरी करत होता?"

"मी घरातच असते."

शेजारी बसलेले त्यांचे यजमान श्रीधरराव हळूच म्हणाले, "मी करत होतो. बोटींच्या बॉयलरला अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप चढवायचो. ते वर्कशॉप केव्हाच बंद पडलं."

"यांचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच. आधी गच्चीत झटकायचे," शारदाबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना ती पांढरी धूळ दिसली. उन्हात चमचमत, जराही घाई न करता खाली यायची. त्या झटकणं थांबवून बघत राहायच्या. किती सुंदर दिसायची ती.

घरी आल्यावर श्रीधररावांनी ताट बाजूला सारलं.

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही गं. कुणी सांगितलंच नाही."

"मग मलाही नव्हतं. जेवा." थोड्या वेळानं शारदाबाईंनी विचारलं, "तुमच्याबरोबर कामाला शरद होता, अजेय होता. त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

श्रीधरराव हात धुऊन दोघांचे पत्ते शोधू लागले.

अजेयच्या बायकोच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला. बराकपूरला शरदची बायको मृणाल वर्षभर धापा टाकत होती. क्षय समजून तिला गोळ्या चालू होत्या. शारदाबाई तिच्या शेजारी पलंगावर बसल्या, स्वतःची धाप आवरत म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंकडे चल. पाणी काढलं की बरं वाटतं." बरं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मृणालचा आजारही तोच निघाला, पण अजून फारसा पसरला नव्हता. तिचे उपचार सुरू झाले. शारदाबाई आणखी सात महिने जगल्या.

मृणालला भेटून त्या दिवशी बराकपूरहून परतताना लोकलमध्ये शारदाबाई श्रीधररावांच्या खांद्यावर झोपी गेल्या होत्या. सियालदा हे शेवटचं स्टेशन आलं, डबा रिकामा झाला. श्रीधरराव तसेच बसून राहिले, त्यांना जाग येईपर्यंत.