फ्लेक्सच्या आड पंधरा दिवस

मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात फोटो काढणारा नव्हे! सोलापुरातल्या शुक्रवार पेठेच्या एका गल्लीत, विजेच्या खांबावर आठ वर्षं मान वाकडी करून लटकलेला, चोरांवर नजर ठेवणारा. आधीच सांगतो मित्रांनो, मी जरा चिडका आहे. आठ वर्षं डोळा न मिटता बसून बघा, तुम्हीही व्हाल.

मला आणलं तेव्हा गल्लीतून दोन महिन्यांत चार मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या. लोकांनी वर्गणी काढली, नारळ फुटला. शाळेत शिकवणाऱ्या प्रेमलाबाईंनी भक्तिभावाने थेट माझ्या काचेलाच कुंकू लावलं आणि आठ दिवस मला सगळी गल्ली लाल दिसली. मी जे बघतो ते समोर यज्ञेश्वरकाकांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या एका पेटीत साठतं. पेटीत पंधरा दिवसांचंच मावतं. मग जुनं पुसत नवं लिहिलं जातं. ऐकू मला सगळं येतं, पण आवाज काही पेटीत जात नाही.

सुरुवातीला काय कौतुक! एक सायकलचोर माझ्यामुळे सापडला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. नंतर चोऱ्या थांबल्या आणि लोक मला विसरले. कचरा कोणी टाकला, गाडीला ओरखडा कोणी काढला, एवढ्यापुरती माझी आठवण. कोळ्याने तोंडावर जाळं विणलं, तरी कोणी फडकं मारलं नाही.

यंदा मार्चमध्ये तर कहरच झाला. मंडळाचे अध्यक्ष अण्णाराव यांचा वाढदिवस आला आणि त्यांचा भला थोरला फ्लेक्स माझ्याच खांबाला बांधला, बरोबर माझ्या तोंडावर. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या तीन रांगा. घराघरातला एक तरी चेहरा त्यावर होता, मग काढणार कोण? वाढदिवस होऊन आठवडा गेला, तरी मी आपला फ्लेक्सची पांढरी पाठ बघत बसलो. वारा जावा म्हणून फ्लेक्सला चिरा मारतात ना, तशी एक चीर माझ्यासमोर होती. वारा आला की ती उघडायची आणि तेवढ्यातून रस्त्याचा तुकडा आणि एजाजचं दुकान दिसायचं. एजाज मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो. पत्र्याच्या सावलीत स्टूल टाकून बसतो.

त्या दिवशी दुपारचे पावणेतीन झाले होते. उन्हामुळे गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नागम्मा, आमच्या गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई, एकटीच घरी येत होती. वारा आला, चीर उघडली. एजाज पंखा खोलत होता. एक मोटारसायकल सणकन गेली, मागे बसलेल्याचा शर्ट निळा. लगेच नागम्माची किंकाळी. एजाजने हातातलं टाकलं आणि तो धावला. चीर मिटली.

पुढचं मी नुसतं ऐकलं. नागम्मा पडून बेशुद्ध झाली होती. एजाजने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या गळ्यातल्या तुटलेल्या बोरमाळेचे सोन्याचे मणी मुठीत गोळा केले होते. खिडकीतून कुणाला तरी निळा शर्ट ओझरता दिसला होता, आणि एजाजच्याही अंगात निळाच. आसपासच्या गल्ल्यांतून महिन्यात गेलेली ही तिसरी माळ, त्यामुळे लोक आधीच भेदरलेले.

"ह्याच्या हातात मणी आहेत!" प्रेमलाबाई ओरडल्या.

"बाई, खाली सांडले होते ओ, मी गोळा केले."

"मग बाकीची माळ कुठाय?"

अरे मला विचारा ना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण देवाने, म्हणजे कंपनीने, मला तोंड दिलेलं नाही.

नागम्माला दवाखान्यातून मोहोळला लेकीकडे नेलं. एजाजला रोज चौकीवर बोलावणं यायचं, सकाळी गेला की संध्याकाळी सोडायचे. दुकान बंद पडलं. लोक कुजबुजू लागले. आता गुन्हा नोंदवून आतच घालणार, असंही कानावर आलं. पोलिसांनी कॅमेऱ्याचं विचारलं तेव्हा यज्ञेश्वरकाका म्हणाले, "साहेब, त्याच्या तोंडावर फ्लेक्स आहे. काय दिसणार, कपाळ?" खोटं नाही बोलले. पण पेटी उघडून बघितलीही नाही. मी दिवस मोजत होतो. दहा झाले. बारा. चौदा.

पंधराव्या दिवशी दुपारी एक वाजता काका शटर ओढत असताना एजाजची बायको कौसर आली. हेही मी ऐकलेलं, आणि न दिसलेलं नंतर लोकांच्या बोलण्यातून जोडलेलं.

"काका, पेटी बघू द्या की. एकदाच."

"अगं, फ्लेक्स होता. आता जेवायची वेळ झाली, चारला ये."

चारला! पावणेतीनला त्या दुपारचं सगळं पुसलं जाणार होतं. हे तिला माहीत नव्हतं आणि काकांच्या ध्यानात नव्हतं.

"मग मी हितंच बसते," म्हणत ती पायरीवर बसली. काका वरच्या मजल्यावर जाऊन झोपले. दीड वाजला. दोन वाजले. सव्वादोन. मला घाम येत नाही, नाहीतर खांब भिजला असता.

अडीचला रिक्षा थांबली. डोक्याला पट्टी बांधलेली नागम्मा उतरली. तिने कौसरकडून सगळं ऐकलं आणि वर तोंड करून अशी हाक मारली की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"यज्ञेश्वरा, खाली ये! माळ माजी गेली आन चोर तुमी ठरिवला व्हय? मला मागनं वडलं, तोंड न्हाय दिसलं. पन मला सावरलं ते ह्या पोरीच्या नवऱ्यानं. उघड ते शटर!"

काका लुंगी सावरत आले. पासवर्ड दोनदा चुकला. तारीख लावली, वेळ लावली, तोवर दोन चाळीस झाले. पडद्यावर नुसता पांढरा फ्लेक्स.

"बघ, म्हटलं नव्हतं?"

"थांबा काका, थांबा."

चीर उघडली. एजाज, स्टूल, पंखा. समोरून मोटारसायकलवर निळा शर्ट गेला आणि मग एजाज उठून धावला. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा कौसरने ते मोबाइलवर घेतलं. तिसऱ्यांदा लावायला गेले, तर पेटीत काहीच उरलं नव्हतं.

पत्र्याच्या सावलीमुळे एजाजचा चेहरा अर्धाच दिसत होता. हा तोच कशावरून, म्हणून चौकीवर दोन तास खल झाला. शेवटी त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी स्वतः दोऱ्या सोडून फ्लेक्स उतरवला. प्रेमलाबाईंनी मिक्सर दुरुस्तीला पाठवला. चुकलं माझं, असं मात्र काही म्हणाल्या नाहीत.

आता मे महिना आहे. मला गल्ली लख्ख दिसते. एजाजने स्टूल पत्र्याबाहेर ओढलंय, भर उन्हात, माझ्या नजरेच्या ऐन मध्यावर. चहाला जाताना आधी वर बघतो, मला पूर्ण चेहरा दाखवतो, मगच निघतो. परत आला की पुन्हा दाखवतो.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, माझ्यापुढे काही बांधू नका. पण त्याआधी एक काम करा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कोणीतरी जा आणि त्याला म्हणा, "एजाजभाई, स्टूल सावलीत घ्या. आम्ही ओळखतो तुम्हाला."