झुराकानचा आवाज

बुरुलच्या आईचा आवाज लांडग्यांसाठी रेकॉर्ड करायचा, हे मुळात कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

बुरुल नारीन शहरातल्या विद्यापीठात पशुविज्ञान शिकवायची. त्या वर्षी तिथल्या चार विभागांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. डोंगरातल्या मेंढवाड्यांवर लांडगे पडायचे. मग मेंढपाळ विष पेरायचे, आणि त्या विषानं लांडग्यांच्या आधी गिधाडं, कोल्हे आणि त्यांची स्वतःचीच कुत्री मरायची. पर्यावरण विभाग ही मेलेली जनावरं मोजून मोजून थकला होता. शेवटी अभियांत्रिकीच्या किलिचबेकनं एक पेटी तयार केली. समोर काही हललं की ती माणसाच्या आवाजात ओरडायची. लांडगा बंदुकीच्या बारापेक्षाही माणसाच्या बोलण्याला जास्त दचकतो, असा त्यांचा कयास होता. आणि पेटी लागल्यावर मेंढपाळांना झोप लागते का, जिवाची धाकधूक कमी होते का, हे विचारायचं काम मानसशास्त्राच्या उमसुनायकडे होतं.

पहिली पेटी लावायला उन्हाळी कुरणावर बुरुलच्याच घरची जागा ठरली. तिथं तिचे आईवडील मेंढ्या घेऊन राहायचे. वडिलांना, शार्शेनना, ती आके म्हणायची आणि आईला, झुराकानला, आपा. किलिचबेकनं राजधानीतल्या, बिश्केकच्या एका नटाचा आवाज भरून आणला होता. आपा तंबूच्या दाराशी बोर्सोकचे कणकेचे तुकडे तळत बसली होती. पेटीतला नट घोगऱ्या, भारदस्त आवाजात गरजला आणि तिच्या हातातला झाराच थांबला.

"हा कोण ग? लांडग्याला हाकलतोय की चहाला बोलावतोय?"

"मोठा नट आहे तो, आपा."

"असेल. मेंढरू गेलेलं नाहीये ना त्याचं कधी." तिनं झारा ठेवला, झग्याला हात पुसले आणि पेटीसमोर येऊन उभी राहिली. "कुठं बोलायचं? इथं? बरं."

आणि ती सुरू झाली. झुराकानचा आवाज अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. पलीकडच्या उतारावरची घोडी तिच्या हाकेनं मान वर करायची. "अरे चोरट्यांनो! पोटं फुटली तुमची! चालते व्हा! तुमच्या कातड्याची टोपी शिवून म्हाताऱ्याला घालीन!" मेंढ्यांनी रवंथ थांबवला. अक्तोश, त्यांचा पांढऱ्या छातीचा कुत्रा, आपलंच काही चुकलं असं समजून तंबूमागं गेला. किलिचबेकनं तिला सात वेळा ओरडायला लावलं, आणि सातव्या वेळेला बाजूला उभे असलेले आके हसू लागले. आके कमी बोलणारे, हसणं त्याहून कमी. आपा ओरडता ओरडताच त्यांच्याकडं वळली, "आणि तू रे काय दात काढतोस म्हाताऱ्या? जा आत, चहा निवतोय तुझा!"

तेही पेटीत गेलं. किलिचबेक म्हणाला, "राहू दे, लांडग्याला काय कळतंय चहाचं."

त्या उन्हाळ्यात खोऱ्यातल्या सगळ्या पेट्यांमध्ये झुराकानचाच आवाज होता, आणि एकाही वाड्यावर लांडगा फिरकला नाही. लोक थट्टा करायचे, "शार्शेन, तुझी बायको आमच्याकडं पण ओरडते रे आता. तू एकटाच कसा सहन करत होतास?" आके मान हलवायचे. आपा मात्र खूश होती. "बघ," ती बुरुलला म्हणायची, "तू इतकी शिकलीस, पण विद्यापीठात आवाज पोचला तो माझा."

शरद ऋतूत मेंढ्या खाली आणल्या आणि आठवड्याभरात झुराकान गेली. सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होती, तिथंच बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

अंगणात दाबलेल्या लोकरीचा काळोखा तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या. बाहेर पुरुष काठीवर ओणवे होऊन, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर मोठ्यानं रडत होते. तशीच रीत आहे. नवऱ्यानं तर सगळ्यांत मोठ्यानं रडायचं. पण आके काठीवर हनुवटी टेकून नुसते उभे होते. बुरुलच्या चुलत्यानं कानाशी येऊन सांगितलं, "अरे रड ना, लोक बघतायत." आक्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पहिल्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. "दगड आहे," कोणी बाई म्हणाली, आणि ते बुरुलनं ऐकलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर खोऱ्यातल्या मेंढपाळांनी निरोप पाठवला. गेलेल्या बाईनं असं रानात ओरडत राहणं बरं नाही, तिला विसावा मिळू द्या. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. किलिचबेकनं सगळीकडं दुसरे आवाज भरले. आक्यांच्या हिवाळी वाड्यावर तो पोचला तेव्हा मात्र आके पेटीसमोर उभे राहिले.

"इथली राहू दे."

"पण चाचा, लोक म्हणतात..."

"लोकांच्या पेट्यांत काय घालायचं ते लोक ठरवतील. ही माझ्या दारात आहे."

बुरुलनं उमसुनायला विचारलं. दोघी एकाच वसतिगृहात वाढलेल्या, एकमेकींना काही लपवायच्या नाहीत. उमसुनाय म्हणाली, "मला माहीत नाही ग. पुस्तकात दोन्ही लिहिलंय. कुणाला आवाजानं आधार होतो, कुणाची जखम भरतच नाही." मग आक्यांच्या मनासारखं झालं.

ते एकटेच वर राहिले. मेंढ्या, अक्तोश, एक घोडा आणि पेटी. फोनला रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागे. आके आठवड्यातून एकदा चढायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे सगळं. थंडी आहे. तू जेवतेस ना?"

फेब्रुवारीच्या अखेरीस फोन भलत्याच वारी आला.

"पोरी, लांडगे आले होते. पहाटे धुकं होतं. अक्तोश गेला. मेंढ्या पण गेल्या बऱ्याच."

"पेटी? पेटी बंद पडली होती का?"



"नाही," आके म्हणाले. "ती ओरडत होती. आणि ते खात होते."

बुरुल आणि उमसुनाय दुसऱ्याच दिवशी निघाल्या. वाड्याच्या कडेला आक्यांनी मेलेल्या मेंढ्या एका ओळीत ठेवल्या होत्या. अक्तोशवर जुना कोट टाकला होता. जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून त्याच्यासाठी दगड जमवणं चाललं होतं. बुरुलनं पेटी तपासली. धडधाकट होती. खोऱ्यातल्या बाकी पेट्यांपासून लांडगे अजून दूरच होते. मग इथंच ते इतके निर्ढावले कसे, हे तिला उमगेना. दुपारी ती टेकाडावर चढली आणि किलिचबेकला फोन लावला. त्यालाही काही सांगता येईना.

उतरताना अर्ध्या वाटेवर तिला आईचा आवाज ऐकू आला.

"अरे चोरट्यांनो! पोटं फुटली तुमची!"

दिवसाढवळ्या! बुरुल बर्फातून धावत सुटली. पुन्हा आवाज आला, आता वेगळं ओरडणं. मग तिसरं. धापा टाकत ती वाड्याच्या कोपऱ्याशी पोचली आणि थांबली.

लांडगा कुठंच नव्हता. आके पेटीसमोरून चालत होते. ठरल्यासारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, पेटीचं ओरडणं संपेपर्यंत थांबायचे, मग पुन्हा परत यायचे. त्यांच्या पायाखाली बर्फ तुडवून तुडवून पायवाट झाली होती, तिच्यातून खालची माती दिसत होती. पाचवं ओरडणं झालं, सहावं झालं. सातव्याला आक्यांनी टोपी काढली आणि पेटीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"आणि तू रे काय दात काढतोस म्हाताऱ्या? जा आत, चहा निवतोय तुझा!"

आके टोपी घालून खरंच घराकडं वळले. तेव्हा त्यांना लेक दिसली.

दोघं आत गेले. चुलीपाशी उमसुनाय बसली होती, तिनं दोघांचे चेहरे बघितले आणि चहा ओतला.

"रोज?" बुरुलनं विचारलं.

"रोज." आके वाटीत बघत होते. "दुपारी. मेंढ्या बाहेर असतात तेव्हा. सातवं यायला आधीची सहा ऐकावी लागतात. कधीकधी मधेच जास्त वेळ थांबलो की पेटी परत पहिल्यापासून." मग म्हणाले, "तशी ती सहाही चांगलीच आहेत."

बुरुलला सगळं कळलं. समोरच्या कड्यावर हिवाळाभर लांडगे बसून असणार. रोज दुपारी एक बाई ओरडते आणि पुढं काहीच होत नाही, हे त्यांनी बघितलं असणार. पण हे आक्यांना सांगायचं कसं? ती घाईघाईनं म्हणाली, "पेटीत बिघाड आहे, आके. किलिचबेक म्हणाला, थंडीनं आवाज बारीक होतो. त्यामुळं..."

"पोरी, मी जन्मभर लांडगे बघितलेत."

बुरुलनं चुलीत एक लाकूड सारलं.

"जिवंत होती तेव्हा तिला भ्यायचे ते. एकदा नुसती चूल फुंकायची फुंकणी घेऊन धावली होती, तीन लांडगे पळाले." आक्यांनी वाटी खाली ठेवली. "मीच तिची भीती घालवली. रोज ऐकवून ऐकवून घालवली. अक्तोश मधे गेला तेव्हा ती ओरडत होती, आणि एकानं मान वर करून बघितलं पण नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं," उमसुनाय म्हणाली.

"माहीत असतं तरी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्तोशवर दगड रचून झाले. मग बुरुल म्हणाली, "आवाज बदलावा लागेल, आके. लांडगे परत येतील. उरलेल्या मेंढ्या तरी राहू देत." आक्यांनी होकाराची मान हलवली. ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. "तुम्हीच ओरडा," ती म्हणाली. "तुमचंच घर, तुमच्याच मेंढ्या."

उमसुनायनं रेकॉर्डर धरला. आके काठी टेकून उभे राहिले. कड्याकडं बघत त्यांनी "हो!" केलं. ते कोणाला हाक मारल्यासारखं वाटलं, हाकलल्यासारखं नाही. पुन्हा एकदा केलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवले, कपाळ हातांवर टेकलं, आणि त्यांच्या छातीतून जो आवाज निघाला तो बुरुलनं आयुष्यात ऐकला नव्हता. "अगं माझ्या सोबतिणी! अगं माझ्या घरा! कुठं गेलीस ग!" शरदात अंगणात जे रडायचं होतं ते आता बाहेर पडत होतं. मेंढ्या वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन एकमेकींना बिलगल्या. घोडा दोरीला झटके देऊ लागला.

बुरुल पुढं झाली, पण उमसुनायनं तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं तिनं रेकॉर्डर बंद केला आणि जे भरलं होतं तेही पुसून टाकलं.

"हे आपल्या कामाचं नाही," ती हळूच म्हणाली.

आके बराच वेळ रडले. मग बर्फानं तोंड धुतलं आणि पायरीवर बसून बुरुलला म्हणाले, "तूच ओरड."

बुरुल ओरडली. आके ऐकत होते. "वर्गात हजेरी घेतेस का? जरा पोटातून काढ." ती दुसऱ्यांदा ओरडली, तिसऱ्यांदा तिला त्या धुक्यातल्या पहाटेचं सगळं डोळ्यांपुढं दिसलं, आणि मग थांबवणं कठीण झालं. तिचा घसा बसला तेव्हा आक्यांनी हात वर केला.

"पुरे. एक सांगतो. माझ्याशी काही बोलू नकोस त्यात. लांडग्यांशीच बोल."

पेटीत नवा आवाज भरताना बुरुलनं विचारलं, जुना तुमच्या फोनमध्ये घालून देऊ का? आक्यांनी फोन खिशातून काढला, हातात धरला, आणि परत खिशात ठेवला. "तुझ्याकडं राहू दे. मी मागितला तर लगेच देऊ नकोस." मग त्यांनी पेटीचं तोंड वाड्याकडून फिरवून कड्याकडं केलं, जेणेकरून दाराशी चालणारा माणूस तिच्यासमोर येणार नाही.

खाली चला, म्हणून बुरुलनं खूप विनवलं. विद्यापीठाजवळच्या तिच्या घरात एक खोली रिकामीच होती. "येऊन काय करू?" आके म्हणाले. "तुझ्या भिंती इतक्या पातळ, शेजारी खोकला तरी ऐकू येतो. आणि या मेंढ्या कोणाच्या भरवशावर? महिन्याभरात वितील." त्यांनी दोघींना वाळलेलं दही आणि मटणाचा तुकडा बांधून दिला. उमसुनायला म्हणाले, "तू तो झोपेचा प्रश्न विचारला नाहीस या वेळी."

"पुढच्या वेळी विचारते, चाचा."

"हं. पुढच्या वेळी."

वळणावर बुरुलनं गाडी थांबवली आणि मागं पाहिलं. आके अंगणात उभे होते. आपल्याकडं बघून हात करतील म्हणून ती थांबली. पण त्यांनी फावडं उचललं आणि पेटीजवळच्या त्या तुडवलेल्या पायवाटेवर ताजं बर्फ टाकायला लागले. सावकाश, फावड्यामागून फावडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बुरुलला पुढचा रस्ता दिसेना. उमसुनायनं दार उघडलं, गाडीला वळसा घालून आली, आणि दोघींनी जागा बदलल्या.