गार रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, असं मला बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मी कुणाचा गैरसमज दूर करत नाही. करणार कसा? मला स्वतःचा आवाजच उरलेला नाही.

एके काळी होता. लाकडी पेटी, पितळी बटणं आणि पोटात काचेचे दिवे. बटण फिरवलं की मी लगेच बोलायचो नाही. आधी दिवे तापायचे, मग घसा खाकरल्यासारखा खरखरायचो, आणि मग बातम्या. माझं डोकं इतकं उबदार व्हायचं की थंडीत घरचं मांजर तिथेच मुटकुळं करून झोपायचं. घरची बाई बाळाचे ओले मोजे माझ्यावर वाळत घालायची. याला म्हणतात मान!

पुढे नवी यंत्रं आली. मी माळ्यावर गेलो, माळ्यावरून भंगारात आणि तिथून या कॅफेत. मालकाने मला छान पॉलिश केलं. मग पाठ उघडून पोटातलं सगळं कचऱ्यात ओतलं आणि साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर आत ठेवला. तो मालकाच्या मोबाइलवर चालतो. लोक डोळे मिटून म्हणतात, "जुन्या रेडिओची गोडीच वेगळी!"

परवाच्या सुट्टीत दोन मैत्रिणी फिरत फिरत इथे आल्या. "अगं, काय गोड जागा सापडली!" सोबत एकीचे वडील होते. ते हात धुवायला गेले तशी लेक हळूच म्हणाली, "कसे वागतात ते बघायलाच आणलंय त्यांना. डोकं ठिकाणावर असेल तर राहू देत त्यांच्या घरी एकटे. नाहीतर म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत जागा धरून ठेवलीय मी."

"छान तर आहेत गं. सकाळपासून रस्ता तेच सांगतायत."

"बघू."

वडील आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! आमच्याकडे अस्साच होता." सवयीने त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. तो तसाच राहिला.

"हा बंद आहे," ते म्हणाले.

गाणं जोरात चालू होतं.

"बाबा, गाणं ऐकू येतंय ना?"

"येतंय की. पण हा बंद आहे. गार आहे बघ. आमचं मांजर झोपायचं याच्यावर."

मैत्रिणीला हसू आवरेना. लेक हसली नाही. "मांजर कुठून आलं मध्येच?"

"अगं, रिकामा आहे हा! आत काही नाही. विचार यांना."

मालक केक घेऊन आला होता. त्याच्या एका शब्दाचं काम होतं. "अस्सल आहे, आजोबा. होता तसाच," तो म्हणाला. मग लेकीकडे वळून हलक्या आवाजात, "आमच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं."

निदान आपण गप्प तरी बसावं, असं मला फार वाटलं. तेवढ्यात पोटातल्या त्या वडीने दुसरं गाणं सुरू केलं.

वडिलांनी चमच्याचं टोक माझ्या पाठीच्या स्क्रूला लावलं. लेकीने चमचा काढून घेतला. "केक खा, बाबा." आणि ती मोबाइल घेऊन दाराबाहेर गेली. काचेतून दिसत होतं, ती मान हलवत होती, हो, हो, आजच.

परत आली तेव्हा आवाज मऊ झाला होता. "वाटेत एका ठिकाणी थांबू या, बाबा. छान बाग आहे तिथे."

"चालेल की. मला कसली घाई?"

"काका, जाताना एक फोटो!" मैत्रीण म्हणाली. "ठेवा पुन्हा हात रेडिओवर. हसा!"

ते हसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझी निगा उत्तम आहे. रोज सकाळी धूळ पुसतात, महिन्याला पॉलिश करतात. माझं मागणं दुसरंच आहे. एखादं म्हातारं माणूस म्हणालं, हा बंद आहे, तर हसण्याआधी आपलाही हात लावून बघा. त्या टेबलाशी आणखी तीन माणसं होती, आणि मी सगळ्यांच्या हाताशी होतो.