कीर्तीच्या जन्माची बर्फी

वाढदिवस आमच्या कीर्तीचा, चाळिसावा, आणि अभिनंदन माझं! त्या दुपारी हॉलंडमधल्या डीमनला तिच्या फ्लॅटवर जो येई तो आधी तिच्याशी, मग जावयाशी, कुशलशी, हात मिळवी आणि थेट माझ्याकडे वळे. "मुलीबद्दल अभिनंदन!" पहिल्या बाईंना तर मी चक्क कीर्तीकडे पिटाळलं. म्हटलं, वय झालंय, गोंधळ झाला असेल बिचारीचा. त्यांनी हसून माझा हात आणखी जोरात हलवला.

"बाबा, इथे घरच्या सगळ्यांचं अभिनंदन करतात," कीर्ती म्हणाली. "माझ्या वाढदिवसात तुमचाही वाटा आहेच की!"

बांधकाम खात्यात मी पस्तीस वर्षं ओव्हरसियर होतो. न केलेल्या कामाची शाबासकी मला पचत नाही.

खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. प्रत्येकाला कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा मिळेल म्हणून मी आशेने बघतोय, तर कुशलने केक उचलून फ्रीजमध्ये ठेवूनही दिला. सोलापूरचा मुलगा, पण पुरता इथला झालाय!

पाचव्या अभिनंदनापर्यंत मी पार ओशाळून गेलो. कारण कीर्ती जन्मली त्या दिवशी मी काय केलं होतं, ते मला ठाऊक होतं. ऋता आणि मृण्मयी या दोघींच्या पाठीवर मला मुलगाच हवा होता. तिसरीही मुलगीच, असा निरोप आला आणि साइटवर काम निघालंय असं सांगून मी दोन दिवस दवाखान्याकडे फिरकलो नाही. बायकोने ते कधी बोलून दाखवलं नाही. मुलींपुढे तर हा विषय निघालाच नाही. मोठ्या दोघी आपापल्या संसारात गुंतल्या. गुडघ्यांमुळे आईला प्रवास झेपत नाही, तर निदान तुम्ही तरी या, म्हणून मला बोलावलं ते या तिसरीनेच. रोज संध्याकाळी ती माझा हात धरून मला कालव्याकाठी फिरवून आणते. तिला कळलं, तर ती हा हात धरेल का, याची मला भीती वाटायची.

माझ्या शेजारी विम बसले होते. खालच्या मजल्यावर राहणारे, ऐंशीचे. त्यांचं इंग्रजी अभिनंदनापुरतंच, म्हणून कीर्ती आमच्यामध्ये स्टूल घेऊन बसली. विम त्यांच्या मुलीच्या जन्माची गोष्ट सांगू लागले. टोस्टवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पेरायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या, अशी इथली रीत. विमनी म्हणे कारखान्यात साठ जणांना वाटल्या, आणि हात दिवसभर चिकट राहिले. सांगताना म्हातारा लहान मुलासारखा खुलला होता.

"आणि तुम्ही काय वाटलंत, असं विचारतायत ते," कीर्ती म्हणाली.

बर्फी, एवढं म्हटलं असतं की सुटलो असतो. पण जीभ वळेना.

"काही नाही वाटलं," मी म्हणालो. "सांग त्यांना. तिसरीही मुलगी झाली म्हणून रुसून बसलो. दोन दिवस तुझं तोंडसुद्धा बघितलं नाही. चुकलं माझं, कीर्ती. फार चुकलं."

ती विमकडे वळून डचमध्ये भराभरा काहीतरी बोलली. मला त्यातला एकच शब्द कळला, बर्फी. विमनी आनंदाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

पाहुणे गेले. कुशल कप विसळत होता आणि कीर्ती खुर्च्या आवरत होती.

"त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्या ऑफिसला बर्फी वाटलीत म्हणून."

"मी खरं सांगितलं होतं ना? मग?"

"मला ते माहीत होतं, बाबा. चौथीत असताना आत्याने सांगितलं होतं." हातातली खुर्ची तिने भिंतीला लावून ठेवली. "तेव्हापासून मी सगळ्यांना बर्फीच सांगत आलेय. शाळेत मैत्रिणींना, लग्नानंतर कुशलला. दुसरं काही तोंडातून येतच नाही."