उरलेली सोळा पावलं

अंजनाच्या वह्यांचे कोपरे तेवढे मळलेले असायचे. मधली पानं कोरी राहिली तरी चालतील, पण कोपऱ्यात कोंबडी हवीच. पहिल्या पानावर तिची मान वर, शेवटच्या पानावर चोच जमिनीला. अंगठ्यानं पानं भर्रकन सोडली की कोंबडी दाणे टिपायला लागायची. शिराळ्याहून ती चित्रकला शिकायला सांगलीत राहीबाईआत्तीकडं आली, तेव्हा ट्रंकेत लुगड्यापातळांपेक्षा अशा वह्याच जास्त निघाल्या.

आत्तीचं घर दोन खोल्यांचं. मागं अंगण, त्याला फाटक, अंगणात तुळस. यजमान नाथाजी लष्करात, पार लडाखच्या बाजूला. चातुर्मास लागला की आत्ती रोज पहाटे देवापुढं तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे रांगोळीनं गाईची इवली इवली पावलं. पाच वर्षांचं व्रत, त्यातलं चौऱ्याहत्तर सालचं हे चौथं. पावलं पुरी होईपर्यंत आत्ती तोंडातून शब्द काढत नसे. दारात कुणी हाक मारली तरी अंजनानंच जायचं.

कोंबडीवर अंजनाचं समाधान होईना. कुंडलच्या जत्रेतल्या तंबू-सिनेमावाल्याकडून तिनं तुटक्या फिल्मची हातभर पट्टी मागून आणली, आणि सुईनं ओरखडून चौकटीचौकटीत मासा काढला. मासा झकास जमला, पण पट्टी फिरवायला यंत्र कुठलं? तो बिचारा जागच्या जागी राहिला.

मग तिनं डालड्याच्या रिकाम्या डब्याला उभ्या चिरा पाडल्या, आत पळत्या वासराची बारा चित्रं गोल चिकटवली आणि डबा थेट जात्यावर नेऊन बसवला. चिरांतून बघायचं आणि आत्तीनं जातं ओढायचं. मोकळं जातं फिरवायला आत्ती तयार होईना, म्हणून आधी मूठभर हरभरा घातला. जातं घरघरलं, आणि वासरू पळालं की हो! पण उलटं. शेपूट पुढं, तोंड मागं. अंजना म्हणाली, आत्ती, जरा उलट्या अंगानं फिरवा.

"जातं उलटं फिरवत न्हाईत," आत्ती शांतपणानं म्हणाली. "वासरूच फिरीव."

बारा चित्रं पुन्हा काढावी लागली. वासरू सरळ पळालं तसं आत्तीनं जातं सोडून चिरेला डोळा लावला. ओढायला कुणी नाही म्हटल्यावर वासरू थांबलं, आणि दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या.

श्रावणात चित्रकलेच्या वर्गावरच्या जगदाळे सरांनी मुंबईच्या स्नेह्याकडून सिनेमाचा एक छोटा कॅमेरा आणला. एका वेळी एकच चित्र टिपणारा. रोल मात्र एकच, तीन मिनिटांचा. चिठ्ठ्या टाकल्या, सहा नावं निघाली, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. अंजनाचं नाव पहिलं. सरांनी बजावलं की रोल मागं फिरत नाही, जे टिपलं ते टिपलं, आणि आपल्या वाट्याच्या पुढं एक चित्रही जायचं नाही. पुढचं दुसऱ्याचं आहे. अंजनानं ठरवलं, फाटकापासून तुळशीपर्यंत तेहतीस गोपद्मं उमटवायची. वासरू दिसायचं नाही, नुसती पावलं चालत येतील. वर्गातल्या बिराप्पानं विचारून घेतलं, वासरू दिसायचं नाही तर मार्क कुणाला द्यायचे?

शनिवारी उघडीप मिळाली. पायरीवर स्टूल, स्टुलावर सुतळीनं बांधलेला कॅमेरा. एक रेघ ओढायची, पळत येऊन खटका दाबायचा, परत जाऊन पुढची रेघ. एका पावलाला सोळा खटके. दुपारभर ती अशी धावत होती. सतरा पावलं झाली आणि आभाळ भरून आलं, उजेड गेला. अर्धा वाटा संपला होता. उरलेली सोळा सकाळी काढू म्हणून तिनं पावलांवर टोपल्या-बुट्ट्या पालथ्या घातल्या आणि आत्ती मारुतीच्या देवळातून यायच्या आत दमून झोपली.

सकाळी बाहेर येऊन बघते तर बुट्ट्या भिंतीला ओळीनं उभ्या, अंगणात हिरवागार ओला सडा, आणि पावलांचा मागमूस नाही. आत्ती हात धूत होती.

"माझी पावलं?"

"शिळी रांगोळी दारात ठिवत्यात व्हय? पर एकावरबी पाय पडू दिला न्हाई बाई. हातानं गोळा करून तुळशीच्या बुडाला घातली. बुट्ट्या कोंबड्यांनी उकरू ने म्हणून घातल्यास न्हवं?"

अंजना पायरीवर बसली. सांगायला गेली आणि रडूच आलं. वासरू अंगणाच्या मध्यावर येऊन नाहीसं होणार, वाटा तर अर्धा संपलेला, आणि सोमवारी कॅमेरा पुढच्याच्या हातात. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं. चूक झाली असंही म्हणाली नाही. शिळी रांगोळी उद्याही तिनं पुसलीच असती. पण उठून देवघरात गेली आणि रांगोळीची वाटी घेऊन बाहेर आली.

"आजची माजी अजून काढायची हायत. हितं काढती. तू बोट वर केलंस की बाजूला सरीन. मला बोलायला मातर लावू नगंस."

अंजनानं डोळे पुसले आणि हिशेब मांडला. राहिलेल्या चित्रांत तेहतीस पावलं बसवायची तर एकाला आठच खटके. बसतील.

फाटकापासून आत्तीनं सुरुवात केली. अंजनाचं बोट वर, आत्ती बाजूला, खटका, बोट खाली, रेघ पुढं. फाटकावर शेजारणीनं दोनदा हाक मारली. कुणीच उत्तर दिलं नाही. आत्तीचा हात तिळभर ढळला नाही, आणि तुळशीशी तेहतिसावं पाऊल टेकलं तेव्हा अंजनाच्या वाट्याची तीनच चित्रं उरली होती. त्यांत तिनं तुळस टिपली.

मुंबईहून रोल धुऊन यायला तीन आठवडे लागले. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. आत्ती पुढं खाली बसली, डोक्यावर पदर घेऊन. चादरीवर फाटक उजळलं. एक पाऊल उमटलं, मग दुसरं. वाकडीतिकडी, नवजात वासरासारखी अडखळत अंगणाच्या मध्यापर्यंत आली. आणि एकदम सगळं पुसलं. स्वच्छ ओलं अंगण. कुणीतरी 'गेलं' म्हणालं. तोच फाटकापाशी पुन्हा पाऊल उमटलं, आणि या खेपेला वासरू सरळ, नेटकं, दुडूदुडू धावतच तुळशीला येऊन भिडलं. वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. बिराप्पा म्हणाला, रात्रीत दूध बरं पाजलंस गं. सर म्हणाले, परत दाखवा.

परत दाखवलं. आत्तीचे ओठ हलत होते. दिवे लागल्यावर तिनं चादरीला हात जोडले आणि अंजनाकडं वळली.

"वाकडी ती तुजी न्हवं?"

"व्हय, आत्ती."

"दोनदा मोजली. सतराच हायत. सोळा ऱ्हायली तुजी." तिनं पदर सारखा केला. "काढायला घेतलेलं अर्धं ठिवू ने. उद्या पहाटं माज्याबरूबर उठ."

दुसऱ्या दिवशी पहाटे, कॅमेरा नाही, खटका नाही, अंजना तुळशीपुढं बसली. शेजारी आत्तीचा हात सरसर चालला होता. अंजनानं मनातच मोजलं: अठरा.