खंडेनवमीचा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय असतात ना, त्यातला उजवा. डावा माझा जुळा भाऊ. खड्डा आला की आम्ही दोघांनी मिळून बसायचं, मिळून उठायचं, म्हणजे वरच्या माणसाच्या मनगटाला कळ लागत नाही. एवढंच आमचं काम. पण जुन्या मालाकडे जग कसं बघतं ते काय सांगू! चोराकडे बघावं तसं बघतं.

आम्ही पहिली काही वर्षं जालन्याच्या पार्थच्या गाडीला होतो. हौशी पोरगा. रविवार आला की माळरानं नि दगडगोटे तुडवायचा, आणि घरी आल्यावर आधी आम्हाला पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. पुढे तो नोकरीसाठी लांब गेला, गाडीचे भाग सुटे सुटे विकले गेले, आणि आम्ही दोघं जुन्या बाजारात धूळ खात पडलो. तिथून अप्पाराव मिस्त्रीने आम्हाला तीर्थपुरीला आणलं.

आणलं ते दैवशालासाठी. ही पोरगी वाड्यावस्त्यांवर जाऊन गुराढोरांना लसी टोचते. तिथं ना बस जाते ना जीप, म्हणून तिने कच्च्या रस्त्यावर पळणारी उंच गाडी घेतलेली. उसाच्या ट्रॉलीला धडकून त्या गाडीचे पुढचे पाय वाकले, आणि त्यांच्या जागी आम्हाला बसवायचं ठरलं.

तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, आणि एकदा पूजा झाली की दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. आम्ही गाडीला बसलो होतो खरे, पण चाक अजून अधांतरी लटकत होतं. अप्पारावची बायको, नंदाबाई, ताट घेऊन डोक्यावर उभ्या. "आवरा की हो! समद्या गल्लीच्या पूजा झाल्या, तुमचं आपलं पिळणं चालूच!" अप्पारावने घाईघाईने सगळे बोल्ट आवळले आणि हातातले पाने पाटावर ठेवले. नंदाबाईंनी पान्यांना, गाडीला, आणि वाकून माझ्या पायाशी असलेल्या बोल्टालाही हळदीकुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं लुटायला म्हणून दैवशाला गाडी घेऊन गेली.

आणि तिथून आमचे दिवस फिरले. साधा दगड आला तरी ठक्! आम्ही खाली बसायलाच तयार नाही. पोरीची मनगटं सुजली. एकदा तर डब्यातल्या लसीच्या काचेच्या बाटल्या फुटल्या, आणि वस्तीवरची माणसं जनावरं बांधून वाट बघत राहिली. अप्पारावने खालून आमचं तेल काढलं, वरून पातळ तेल भरलं. फरक शून्य.

मग काय, संशयाला पाय फुटले. अप्पाराव म्हणाला, "बाजारवाल्यानं वाकडा माल गळ्यात मारला." दैवशालाचे वडील रामराव म्हणाले, मिस्त्रीच तसला. आणि गावातल्या रखमाजीने तर कमालच केली. "हे शॉकअप अ‍ॅक्सिडेंटच्या गाडीचे हायेत म्हणं. मानूस जाग्यावर गेल्ता." कोण म्हणं? कुणी बघितलं? पण हाच रखमाजी रोज रामरावांना गाडी विकता का म्हणून विचारायचा, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं बरं का!

खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला. सख्ख्या भावाचा. वाटायचं, हा डावाच अडून बसतो, हाच मला हलू देत नाही. त्याला वाटायचं मी अडतो. एका साच्यातून निघालेले आम्ही, पण खड्ड्याखड्ड्याला एकमेकांच्या नावाने दात खात होतो.

शेवटी रामरावांनी निकाल लावला. "गुरुवारी रखमाजी येऊन राह्यला. गाडी त्याला द्यायची, अन् तूबी हे हिंडणं बंद कर. हात मोडून घेती का?"

"गाडी गेली की माझं काम गेलं, आबा," दैवशाला म्हणाली. "मंग त्या वस्त्यांवर कोण जाणार?" मला फार वाईट वाटलं, पण लोखंडाचं कोण ऐकतं?

गुरुवारी सकाळीच ती अप्पारावच्या दारात हजर. "काका, एकदा सगळं उघडून बघा. मी हलणार न्हाई हितून." बोलता बोलता फडकं घेऊन ती स्वतःच माझ्या पायावरचा वाळका चिखल खरवडायला बसली. बोल्टाच्या खाचेत चिखलाखाली काहीतरी पिवळं दिसलं. चहा घेऊन आलेल्या नंदाबाई वाकल्या. "अगं बया, ही तं माझ्या हातची हळद! खंडेनवमीची."

दैवशाला बघतच राहिली. "काकू, हळद जशीच्या तशी हाय. म्हंजे तवापासून ह्या बोल्टाला पाना लागलाच न्हाई?"

अप्पारावने कप खाली ठेवला. "अर्रर्र! चाक जमिनीला टेकवायचं, गाडी दाबायची, अन् मंग हा शेवटचा आवळायचा असतो. त्या दिशी म्या चाक हवेत असतानाच आवळला. पूजा झाली, हात लावायचा न्हाई म्हणून ठेवला, तो ठेवलाच की!"

बोल्ट सैल झाला आणि मित्रांनो, मी सुटलो! चाकातून आरपार जाणाऱ्या दांडीवर मी वाकडा धरला गेलो होतो, भावाकडे ओढलेला. चाक जमिनीवर टेकलं. दैवशालाने पुढचा ब्रेक धरून हँडल जोर लावून दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मी आपसूक सरकून माझ्या जागी आलो. मग बोल्ट आवळला. संशय भावावर घेत होतो, आणि आवळलेला मीच होतो.

दैवशालाने गाडी घरी नेली आणि आबांना एकदा बसून बघा म्हणाली. रखमाजी आला तेव्हा रामराव लसीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसत होते. "चल, नाल्यातूनच घे," ते लेकीला म्हणाले. दगड आले, चाकोऱ्या आल्या, आम्ही दोघं भाऊ मिळून बसलो नि मिळून उठलो. डब्यातली एक बाटली वाजली नाही. परत येऊन रामराव उतरले, वाकून माझ्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "रखमाजी, गाडी इकायची न्हाई. अन् ते मानूस गेल्ता म्हणत व्हतास, त्याचं नावगाव काय रे?" रखमाजीला एकदम घरचं काम आठवलं. त्याच्यावरचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण पूजेपायी राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी आठवणीने पुरं करा. आणि कुणी जवळचा ठक्कन तोडून बोलायला लागला, नमता नमेना झाला, तर हा मुळातलाच वाकडा असं म्हणून त्याला विकायला काढू नका. आधी बघा, त्याला कुठं आवळलंय.